बदललेल्या नावांची मॉड्यूल्स आणि जुना-नवा पायथॉन

१ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं सरकारी कागदांवर बदलली. बेळगावचं बेळगावी झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुर. बेळगावचा रेल्वे स्टेशन कोड मात्र अजून बीजीएमच आहे. पाटीवर एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं, यंत्रणेच्या पोटात तिसरं, आणि तिन्ही एकाच गावाची. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मॉड्यूल्सचं, म्हणजे तयार कोडच्या फाइल्सचं, असंच झालंय. काहींचं फक्त स्पेलिंग बदललं, काहींना नवं नाव मिळालं, काहींची वाटणी झाली आणि काही तर नकाशावरूनच गेली.

आपल्या बेळगाव भागात हा प्रश्न अजून जिवंत आहे, कारण जुन्या मशीन हलत नाहीत. उद्यमबाग किंवा मच्छेच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला कॉम्प्युटर असतो, त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे जात नाही. चिकोडी-निपाणीकडच्या सौहार्द सोसायटीत पिग्मी मशीनमधला (रोजची बचत गोळा करताना वापरतात त्या यंत्रातला) डेटा उतरवून घेणारा डबा याहूनही जुना. विंडोज एक्सपीवर पायथॉन ३.४ हा शेवटचा, विंडोज ७ वर ३.८. ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपवर मात्र ३.१३, आणि स्क्रिप्ट दोन्हीकडे तीच चालायला हवी. ‘नवीन मशीन घ्या की’ हे सांगायला सोपं, पण पीसी बदलला की कॅलिब्रेशन, ड्रायव्हर, डोंगल सगळंच नव्याने करावं लागतं.

(मॉड्यूल्सची नावं पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कॅपिटल-स्मॉलचा फरक जिथे नडतो तिथे तो सांगितला आहे.)

कोडला हात लावण्याआधी प्रत्येक मशीनवर पायथॉनची आवृत्ती विचारून एका कागदावर लिहा. अंदाजाने ठरवू नका. पायथॉन २ मधल्या शेवटच्या २.७ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, शेवटची २.७.१८ त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. तुमच्या यादीत २.७ नसेल तर या लेखातला अर्धा त्रास तुमचा नाही. ‘असू दे, कुठेतरी लागेल’ म्हणून २.७ चा आधार ठेवणं हा फुकटचा भार आहे.

आता पायथॉन २ मधून ३ कडे जाताना काय बदललं ते. सरळ प्रकार म्हणजे कॅपिटल अक्षर गेलं: कॉन्फिगपार्सर, क्यू, सॉकेटसर्व्हर, टीकिंटर ही मॉड्यूल्स आता पूर्ण स्मॉलमध्ये. सीपिकल पिकलमध्येच विरघळलं. एचटीटीपीलिबचं एचटीटीपी डॉट क्लायंट झालं, अंडरस्कोर विनरेजचं अंडरस्कोर गेलं. टीके मेसेजबॉक्स आणि टीके फाइलडायलॉग टीकिंटरच्या घरात राहायला गेले. हे सगळं एकास एक आहे, टेबल करून मोकळं व्हावं.

वाटणीचा प्रकार यूआरएललिबचा. यूआरएललिब, यूआरएललिब-टू आणि यूआरएलपार्स या तिघांचं मिळून एक पॅकेज झालं आणि आत पार्स, रिक्वेस्ट, एरर अशा खोल्या पडल्या. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. जुनं नाव इम्पोर्ट करून (आपल्या कोडात ओढून घेऊन) बघायचं, एरर आली तर नवं घ्यायचं, असा विचार केला तर ३ मध्ये एररच येत नाही, कारण यूआरएललिब नावाचं पॅकेज तिथेही आहे. इम्पोर्ट निमूट होतो, आणि तीन दिवसांनी कोणीतरी रिपोर्ट पाठवायचं बटण दाबलं की ‘यूआरएलएनकोड नावाचं काही नाही’ अशी अॅट्रिब्यूट एरर येते. दुसरा सापळा याहून लबाड आहे. ३ मध्ये नुसतं यूआरएललिब इम्पोर्ट केलं तर आतलं पार्स आपोआप लोड होत नाही. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने ते आधीच लोड केलेलं असेल तर तुमचा कोड चालतो, नसेल तर पडतो. म्हणून कायम पूर्ण नाव लिहा: यूआरएललिब डॉट पार्स मधून यूआरएलएनकोड.

या सगळ्यावर उपाय एकच: बदललेल्या नावांची फाइल एक ठेवायची. तिला कम्पॅट म्हणा. नावांचा सगळा गुंता तिच्यात, आणि बाकीच्या चाळीस फाइल्स फक्त कम्पॅटमधून इम्पोर्ट करतात. बाहेर दिसणारी नावं नेहमी नवी ठेवायची. जुन्या पायथॉनवर जुनं मॉड्यूल नव्या नावाने पुढे करायचं, उलट कधीच नाही. उलट केलंत तर २.७ गेल्यावरही तुमच्या कोडात त्याची भाषा राहील.

कम्पॅटच्या आत निवड करायच्या दोन रीती आहेत: आवृत्ती तपासणं किंवा इम्पोर्ट करून बघणं. माझं मत पक्कं आहे. पायथॉनबरोबर येणाऱ्या मॉड्यूल्ससाठी आवृत्ती तपासा, बाहेरून पिपने (पॅकेज उतरवून घेणाऱ्या साधनाने) येणाऱ्यांसाठी इम्पोर्ट करून बघा. कारण असं की स्टँडर्ड लायब्ररीतली गोष्ट कोणत्या आवृत्तीत आहे हे ठरलेलं असतं, त्यात नशिबाचा भाग नाही. शिवाय मायपायसारखी टाइप तपासणारी साधनं आवृत्तीची अट नीट समजतात, इम्पोर्ट करून बघणाऱ्या ट्राय-एक्सेप्टवर मात्र कुरकुरतात.

करून बघण्यात एक मोठा धोका आहे. २.७ वर कोणीतरी फ्यूचर नावाचं पॅकेज टाकलेलं असेल तर त्याने क्यू, कॉन्फिगपार्सर, बिल्टइन्स अशा नव्या नावांची मॉड्यूल्स तिथेही आणून ठेवलेली असतात. कॉन्फिगपार्सरचं स्वतंत्र बॅकपोर्टही (नव्या मॉड्यूलची जुन्या पायथॉनसाठी केलेली प्रत) पिपवर आहे. मग नवं नाव २.७ वरच यशस्वी होतं आणि तुम्हाला वाटतं आपण ३ वर आहोत. बॅकपोर्टला युनिकोड हवं असतं, तुमचा कोड साध्या स्ट्रिंग देतो, आणि एका मशीनवर चालणारी स्क्रिप्ट शेजारच्या तशाच मशीनवर पडते. फरक एवढाच की तिथे कोणीतरी वेगळ्या कामासाठी फ्यूचर टाकलं होतं.

आवृत्ती तपासताना सिसमधलं व्हर्जन इन्फो वापरा आणि त्याची तुलना टपलशी, म्हणजे आकड्यांच्या जोडीशी, करा: तीन, दहा. व्हर्जन ही स्ट्रिंग वापरू नका. स्ट्रिंगच्या हिशेबात ३.१० हा ३.९ पेक्षा लहान ठरतो. पहिली तीन अक्षरं कापून घेणारा कोड तर ३.१० ला ३.१ समजतो. हा दोष वर्षानुवर्षं झोपलेला होता आणि ३.१० आल्यावर जागा झाला.

ट्राय-एक्सेप्ट लिहिणारच असाल तर दोन गोष्टी. इम्पोर्ट एररच पकडा. मॉड्यूल नॉट फाउंड एरर ही ३.६ मध्ये आली, त्याआधीच्या पायथॉनवर ते नाव दिसलं की उलट नेम एरर पडते. आणि नवं मॉड्यूल सापडलं, पण त्याच्या आतला एखादा इम्पोर्ट फसला, तरी इम्पोर्ट एररच येते. मग तुमचा कोड गपचूप जुन्या नावाकडे जातो आणि शेवटी स्क्रीनवर ‘यूआरएललिब-टू सापडत नाही’ असं दिसतं. ३ मध्ये ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून आली ते दाखवणारा मजकूर, दोन मजली असतो, खरं कारण वरच्या मजल्यावर असतं. लोक शेवटची ओळ वाचतात आणि व्हॉट्सअॅपवर तीच पाठवतात.

कम्पॅट फाइलमध्ये एफ-स्ट्रिंगसारखी नवी मांडणी अजिबात नको. २.७ आधी पूर्ण फाइल वाचतो, सिंटॅक्स एरर देतो आणि तुमच्या अटीपर्यंत पोहोचतच नाही.

नाव बदललं तेवढंच असतं तर बरं होतं. खरा त्रास नावामागचा स्वभाव बदलल्याने होतो, आणि त्यात कॉन्फिगपार्सर सगळ्यात खट्याळ. कारखान्यातल्या जवळपास प्रत्येक स्क्रिप्टला एक आयएनआय फाइल असते: पोर्ट, बॉड रेट, फोल्डर, पासवर्ड. २.७ वर वर्षानुवर्षं चाललेली ती फाइल ३ वर चार ठिकाणी अडते.

पहिलं, ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन लिहिलेली टीप. समजा बॉड रेटपुढे ९६०० आणि मग अर्धविरामानंतर ‘जुना काटा’ असं लिहिलंय. २.७ टीप सोडून देत होता. ३.२ पासून डीफॉल्टने ओळीतली टीप ओळखणं बंद आहे, त्यामुळे किंमत म्हणून अख्खी ओळ येते आणि आकड्यात बदलताना व्हॅल्यू एरर पडते. दुसरं, तीच सेटिंग दोनदा लिहिली असेल तर २.७ शेवटची धरत होता, ३ सरळ डुप्लिकेट म्हणून थांबतो. तिसरं, पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह. ३ मधला कॉन्फिगपार्सर क्लास टक्क्यापुढे दुसरा टक्का किंवा कंस मागतो, नाहीतर इंटरपोलेशनची एरर देतो. चौथं, एन्कोडिंग. फाइलमध्ये सभासदांची किंवा गावांची नावं मराठीत-कन्नडमध्ये असतील आणि एन्कोडिंग सांगितलं नसेल, तर विंडोज आपली स्थानिक कोडपेज वापरतो आणि नावांचा चिवडा होतो. विंडोज ७ चं नोटपॅड यूटीएफ-८ सेव्ह करताना सुरुवातीला बॉम नावाचे तीन अदृश्य बाइट घालतं, त्यामुळे ‘सेक्शनचं शीर्षक नाही’ अशी एरर पहिल्याच ओळीवर येते आणि डोळ्यांना मात्र शीर्षक दिसत असतं.

म्हणून कम्पॅटमध्ये नुसतं नाव नको, सेटिंग वाचणारं एक फंक्शन ठेवा. रॉ कॉन्फिगपार्सर हा क्लास दोन्हीकडे आहे आणि तो टक्क्याच्या भानगडीत पडत नाही, तोच घ्या. ३ वर त्याला स्ट्रिक्ट फॉल्स द्या, ओळीतल्या टीपेचं चिन्ह म्हणून अर्धविराम द्या, आणि वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, म्हणजे बॉम असो नसो, चालतं. २.७ चा क्लास हे पर्याय घेत नाही, तिथे आयओ मॉड्यूलने त्याच एन्कोडिंगमध्ये फाइल उघडून रीडएफपीला द्या. हे रीडएफपी आणि सेफ कॉन्फिगपार्सर दोन्ही ३.१२ मध्ये काढून टाकले आहेत. ३ वर रीड किंवा रीड फाइल वापरायचं.

स्ट्रिंगआयओचं दुखणं त्याच जातीचं. आयओमधलं स्ट्रिंगआयओ २.७ वरही आहे, म्हणून लोक दोन्हीकडे तेच घेतात, पण ते फक्त युनिकोड घेतं आणि २.७ चं सीएसव्ही मॉड्यूल बाइट लिहितं. दोघांची गाठ पडली की टाइप एरर.

२ ते ३ हा जुना पूल ओलांडला तरी काम संपत नाही, ३ च्या आतही नावं हलतात. कलेक्शन्समधली मॅपिंग, इटरेबल वगैरे नावं ३.३ मध्ये कलेक्शन्स डॉट एबीसीमध्ये गेली. जुनी दारं बरीच वर्षं उघडी होती, ३.१० ला बंद झाली. ३.१२ मध्ये इम्प आणि डिस्टयूटिल्स गेले, ३.१३ मध्ये एकोणीस जुनी मॉड्यूल्स एकदम काढली, त्यात सीजीआय, क्रिप्ट, पाइप्स आणि टेलनेटलिब.

डिस्टयूटिल्सची गंमत बघा. सेटअपटूल्स हे पॅकेज टाकलेलं असेल तर ते स्वतःची डिस्टयूटिल्सची प्रत पुढे करतं, त्यामुळे ३.१२ वरही इम्पोर्ट चालतो. पण ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका कामापुरत्या वेगळ्या पायथॉन फोल्डरमध्ये) सेटअपटूल्स आपोआप येत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मशीनवर ‘चालतंय की’, आणि सोसायटीच्या नव्या कॉम्प्युटरवर मॉड्यूल सापडत नाही. यावर सेटअपटूल्स टाकणं हा तात्पुरता लेप आहे. बहुतेकांना डिस्टयूटिल्समधून दोन-तीनच गोष्टी लागतात: आवृत्त्यांची तुलना पॅकेजिंग या पॅकेजने करा, प्रोग्रॅम कुठे आहे ते एसएचयूटिलमधल्या विच फंक्शनने शोधा, ‘यस-नो’चं ट्रू-फॉल्स करणाऱ्या चार ओळी हाताने लिहा.

टेलनेटलिबचा फटका आपल्याकडे थेट बसतो. वजनकाट्याचा इंडिकेटर सीरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरवर लावून टेलनेटलिबने वजन वाचणाऱ्या स्क्रिप्ट सर्रास असतात. नव्या नावाने दुसरं मॉड्यूल आलेलं नाही, म्हणून इथे नाव फिरवून भागत नाही. सॉकेट मॉड्यूलचं क्रिएट कनेक्शन वापरा, टाइमआउट द्या, आणि ओळ संपण्याचं चिन्ह येईपर्यंत बफरमध्ये साठवत राहा, कारण एका रिसीव्हमध्ये पूर्ण वजन येईलच असं नाही. एक गोष्ट लक्षात ठेवायची: टेलनेटचे वाटाघाटीचे बाइट, म्हणजे २५५ ने सुरू होणारे, टेलनेटलिब स्वतः गिळत होतं. आता ते तुमच्या वजनात मिसळतील. कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये टेलनेटऐवजी रॉ टीसीपी निवडलं की प्रश्न मिटतो. सॉकेट सगळ्याच आवृत्त्यांत आहे, त्यामुळे हा बदल जुन्या मशीनवरही तसाच चालतो. असा मार्ग मिळाला तर तोच आधी घ्यावा: दोन नावांमध्ये निवड करण्यापेक्षा दोन्हीकडे असलेलं तिसरं काहीतरी वापरणं केव्हाही बरं.

नवी भर पडलेल्या मॉड्यूल्सचं तंत्र वेगळं. टॉमल प्रकारची सेटिंग फाइल वाचणारं टॉमललिब ३.११ मध्ये आलं, त्याआधी टॉमली हे पॅकेज हुबेहूब तेच काम करतं. ते कम्पॅटमध्ये टॉमललिब या नावानेच घ्यायचं आणि रिक्वायरमेंट्समध्ये ‘पायथॉन ३.११ पेक्षा लहान असेल तरच’ अशी मार्करची अट लिहायची, म्हणजे नव्या मशीनवर नको ते पॅकेज जात नाही. टाइमझोनसाठीचं झोनइन्फो ३.९ मध्ये आलं, विंडोजवर त्याला टीझेडडेटा पिपने द्यावं लागतं. बदललेलं नाव कसं सांभाळावं याचा नमुना याच टाइमझोनच्या यादीत आहे: एशिया-कोलकाता हे मुख्य नाव आहे आणि जुनं एशिया-कलकत्ता अजून त्याकडे बोट दाखवत उभं आहे. कुणाचं काही मोडलं नाही.

सिक्स, म्हणजे २ आणि ३ मधली नावं जुळवून देणारं तयार पॅकेज, वापरावं का? २.७ खरंच लागत असेल आणि बरीच नावं असतील तर वापरा, सिक्स डॉट मूव्ह्जमध्ये सगळी मांडणी तयार आहे. पण आवृत्ती १.१६ किंवा पुढची हवी. ३.१२ ने इम्पोर्टची जुनी यंत्रणा काढली, त्यामुळे त्याआधीचं सिक्स असेल तर ‘सिक्स डॉट मूव्ह्ज सापडत नाही’ असं येतं. पिपने नवं टाकूनही तेच येत असेल, तर एखाद्या लायब्ररीने जुन्या सिक्सची प्रत आपल्या पोटात ठेवलेली असते. ट्रेसबॅकमधला फाइलचा पत्ता वाचा, लगेच कळतं.

आता एक घरचा भेदी. तुमच्या फोल्डरमध्ये क्यू डॉट पीवाय नावाची स्वतःची फाइल आहे का? २.७ मध्ये पायथॉनचं मॉड्यूल कॅपिटल क्यूने सुरू होत होतं, त्यामुळे दोघं सुखाने नांदत होती. विंडोजला कॅपिटल-स्मॉल कळत नसलं तरी पायथॉन इम्पोर्टच्या वेळी ते पाहतो. ३ मध्ये दोघांचं नाव एक झालं आणि तुमची फाइल पुढे आली. मग कॉन्करंट फ्यूचर्स किंवा दुसरी एखादी लायब्ररी तिच्यात क्यू क्लास शोधते आणि पडते, आणि एररमध्ये तुमच्या फाइलचा काही दोष दिसत नाही. फाइलचं नाव बदला. बदलल्यावर शेजारी राहिलेली पीवायसी (पायथॉनने कम्पाइल करून ठेवलेली) फाइलही पुसा. २.७ ती एकटीच असली तरी आनंदाने लोड करतो. ३ ला २.७ ची पीवायसी सापडली तर ‘बॅड मॅजिक नंबर’ म्हणतो.

स्वतःच्या मॉड्यूलचं नाव बदलायचं असेल तर जुन्या नावाची छोटी फाइल मागे ठेवा. तिने नव्यातून सगळं इम्पोर्ट करायचं आणि डेप्रिकेशनची वॉर्निंग द्यायची, स्टॅकलेव्हल २, म्हणजे बोट हाक मारणाऱ्याच्या ओळीकडे जातं. स्टारने केलेल्या इम्पोर्टमध्ये अंडरस्कोरने सुरू होणारी नावं येत नाहीत. आणि जुन्या नावाखाली टाइमआउट बदललात तर नव्यातला बदलत नाही, कारण ती वेगळी प्रत आहे. असं कुणी करत असेल तर जुन्या फाइलमध्ये सिस डॉट मॉड्यूल्समध्ये स्वतःच्या नावावर नवं मॉड्यूलच बसवा. फाइलची कॉपी करून दोन नावं ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय: एकाच क्लासचे दोन क्लास होतात आणि आयझइन्स्टन्स खोटं बोलायला लागतं.

ही जुनी फाइल काढायची घाई करू नका, कारण पिकल, म्हणजे पायथॉनमधला डेटा फाइलमध्ये साठवणारं मॉड्यूल. पिकलच्या फाइलमध्ये क्लासबरोबर मॉड्यूलचं नाव लिहिलेलं असतं, बीजीएमसारखं. पायथॉनच्या स्वतःच्या बदललेल्या नावांची सोय पिकलमध्ये आहे: फिक्स इम्पोर्ट्स हा पर्याय सुरूच असतो. तुमच्या मॉड्यूलचं नाव त्याला कुठून माहीत असणार? २०१५ सालची पिकल उघडायची असेल तर जुनं नाव जिवंत हवं, किंवा ३ वर अनपिकलरमधलं फाइंड क्लास स्वतः लिहून नाव फिरवावं. २.७ वर लिहिलेल्या पिकलमध्ये मराठी मजकूर साध्या बाइटच्या स्वरूपात असेल तर ३ मध्ये उघडताना एन्कोडिंग ‘बाइट्स’ द्या आणि मग यूटीएफ-८ मध्ये उलगडा. दोन्हीकडे वाचायची पिकल प्रोटोकॉल २ ने लिहा, २.७ ला त्यापुढचं येत नाही. खरं तर एकदा बसून सगळं जेसनमध्ये काढून घेतलेलं बरं.

तपासणीबद्दल. कम्पाइल-ऑल चालवून ‘सगळं ठीक’ म्हणू नका, ते फक्त सिंटॅक्स बघतं, इम्पोर्ट करून बघत नाही. प्रत्येक मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करणारी एक टेस्ट लिहा, आणि फंक्शनच्या आत दडलेले इम्पोर्ट वर आणा, कारण तेच महिनाअखेरीला फुटतात. विंडोजवर पीवाय लाँचरने एकाच मशीनवर २.७, ३.८ आणि ३.१३ आळीपाळीने चालवता येतात. डेप्रिकेशनच्या वॉर्निंग मुख्य स्क्रिप्टच्या बाहेर डीफॉल्टने लपलेल्या असतात. डॅश कॅपिटल डब्ल्यू देऊन त्यांची एरर करा, पुढच्या आवृत्तीत काय जाणार ते आजच कळतं. पायइन्स्टॉलरने ईएक्सई बनवून देत असाल तर मॉड्यूलचं नाव स्ट्रिंगमध्ये देऊन इम्पोर्ट करू नका. त्याला ते दिसत नाही, आणि फोल्डरमध्ये चालणारी स्क्रिप्ट ईएक्सईत मरते. करायचंच असेल तर हिडन इम्पोर्टमध्ये नाव द्या.

कम्पॅटमधल्या प्रत्येक अटीशेजारी ती कोणत्या मशीनसाठी आहे ते लिहून ठेवा: ‘३.८, स्पेक्ट्रो पीसी’. तो पीसी भंगारात गेला की त्या शब्दाने फाइलमध्ये शोध घ्यायचा आणि सापडेल ते पुसायचं.